गडव्यावरचं नाव

आमच्या गावच्या शाळेच्या टॅबमध्ये मी मेलेलो आहे. साधासुधा नाही, मान्यवर म्हणून मेलेलो आहे. वर लिहिलेलं, "गावातील दिवंगत आदरणीय व्यक्ती". खाली माझं पूर्ण नाव, आणि त्याखाली सात फोटो. हे मी माझ्या डोळ्यांनी वाचलं, चष्मा लावून, चहाचा कप हातात धरून. माझं शिक्षण चौथी. पण स्वतःचं नाव आणि त्याच्या आधीचं "कै." वाचायला चौथी पुरते.

मुळात चूक माझीच होती, हे आधीच सांगून टाकतो. पण ती दुरुस्त करायला शाळेत गेलो तेव्हा जे ऐकावं लागलं, त्याचा राग अजून गेलेला नाही. जाऊही नये.

आमचं गाव अकोल्याहून अमरावतीकडे जाणाऱ्या रस्त्याला लागून. मी जन्मभर जिनिंगमध्ये कापसाच्या गाठी ओढल्या. माझी बुढी, म्हणजे बायको, गावच्या शाळेत खिचडी शिजवायची. अठरा वर्षं शिजवली. मग बाहेरून शिजवलेलं अन्न गाडीतून यायला लागलं आणि तिचं काम सुटलं. दोन वर्षांमागे तान्हा पोळा झाला आणि त्याच आठवड्यात ती गेली. ताप आला, उतरला, पुन्हा आला, आणि दुसऱ्यांदा आला तो तिला घेऊनच गेला.

आमच्याकडे तेरवीला, म्हणजे तेराव्याला, आलेल्या घरांना भांडं द्यायची रीत आहे. भांड्यावर गेलेल्या माणसाचं नाव घालायचं. म्हणजे त्या घरात पाणी प्यायला भांडं उचललं की दोन शब्द त्याचे निघतात. मी एक्कावन्न गडवे घ्यायचं ठरवलं. गडवा म्हणजे पाणी प्यायचा लहान तांब्या. मुलगा म्हणाला, मी आणतो. मी अडून बसलो. म्हणालो, तिचं हे शेवटचं काम, मीच करणार.

अकोल्यात मोर्णा नदीच्या पलीकडे जुन्या शहरात तिचं माहेर. तिथल्याच एका दुकानातून तिच्या बापाने तिच्या लग्नाची भांडी घेतली होती. त्याच दुकानात गेलो. दुकानाच्या ओट्यावर नावं घालणारे चाचा बसतात. पांढरी टोपी, डोळ्याला भिंग लावलेलं, हातात विजेवर चालणारी लेखणी. ती भांड्यावर टेकली की दातात कळ जाते असा आवाज करते.

"नाम बोलो, बाबा," ते म्हणाले. "किसके नाम से डालना है?"

आता हे नीट समजून घ्या. एक्केचाळीस वर्षं संसार केला, पण तिचं नाव मी तोंडाने कधी घेतलं नव्हतं. आमच्या पिढीत नवरा-बायको एकमेकांचं नाव घेत नसत, आयुष्य कमी होतं म्हणत. मी तिला "अवं" म्हणायचो. मुलगा झाल्यावर "पोराची माय" म्हणायचो. लग्नात तिने माझं नाव उखाण्यात घेतलं, तेही बायकांनी दार अडवलं म्हणून. मला अडवलं तेव्हा मी मान खाली घातली आणि हसण्यावारी सुटून गेलो. पुढे रेशनच्या दुकानात, बँकेत, मतदानाच्या रांगेत, कुठेही कोणी "नाव?" म्हटलं की मी माझं सांगायचो. तिचं त्याच्या मागे आपोआप येतं असं धरून चालायचो.

चाचांनी विचारलं आणि तोंडाने सवयीने माझंच नाव सांगितलं. माझं, बापाचं, आडनाव.

त्यांनी ते कागदावर लिहून माझ्यासमोर धरलं. "देख लो. एक बार नाम खुद गया तो फिर आसानी से मिटता नहीं."

मी पाहिलं. दिसलं नाही. त्या दिवशी मला मोर्णेचा पूलही दिसला नव्हता, आणि तो तर मी पायी ओलांडून आलो होतो.

तेरवीच्या दिवशी पंगत उठली आणि गडवे वाटून झाले. शेजारचा माझा दोस्त लहानपणापासूनचा, चौथीतून माझ्याआधी पळालेला. त्याने गडवा उन्हात धरला आणि एकेक अक्षर जुळवत मोठ्याने वाचलं. मग माझ्याकडे पाहिलं.

"काहून बे, तू कवा गेला? मले सांगतलंबी नाई!"

मांडवात हसू फुटलं. तेरवीत. सून पदर तोंडात कोंबून आत पळाली, हसत होती की रडत होती देव जाणे. दोस्त हसला, मग त्याचंच तोंड वाकडं झालं आणि तोच आधी रडला. तोवर पाहुणे गडवे घेऊन बसस्टँडकडे निघाले होते.

सून म्हणाली, "राहू द्या मामाजी. आता कोणाच्या घरी मांगाले जाता?"

मी राहू दिलं. नाव चुकलं ते दुःखात चुकलं. पण राहू दिलं ते लाजेने. ही चूक पहिलीपेक्षा मोठी.

आता शाळेचं.

माझी नात आठवीत आहे. यंदा त्यांच्याकडे इतिहास-नागरिकशास्त्र शिकवायची तऱ्हाच बदलली. आमच्या वेळी इतिहास म्हणजे कोण कोणाच्या गादीवर बसला आणि कोणी कोणाला मारलं. ते पाठ नसलं की हातावर रूळ. आमच्या घरातलं कोणी त्या पुस्तकात असेल असं आम्हाला स्वप्नातही वाटलं नाही. आता नवा अभ्यासक्रम म्हणतो, आपल्या गावाचा इतिहास पोरांनी स्वतः शोधावा. घरातल्या जुन्या वस्तू पाहाव्या, म्हाताऱ्यांना विचारावं. अशा गोष्टींना "साधन" म्हणायचं. नातीने मला हे वाचून दाखवलं तेव्हा मी खूश झालो. म्हणालो, उशिरा का होईना, अक्कल आली.

टॅबचाही मला राग नाही, हेही सांगून ठेवतो. म्हातारा नव्या गोष्टीला भितो असं समजू नका. नात टॅब घरी घेऊन आली तेव्हा मीच तिला पाटा दाखवला, गाठी ओढायचा माझा लोखंडी आकडा दाखवला. तिने फोटो काढले. शेवटी तिने मांडणीवरचा गडवा काढला. आमच्या घरी एक ठेवला होता. फोटो काढताच टॅबने त्याच्यावरची अक्षरं आपोआप वाचली. मी म्हणालो, हुशार आहे. माझ्या दोस्तापेक्षा लवकर वाचलं.

मला काय माहीत, आणखी सहा पोरांनी आपापल्या घरच्या तसल्याच गडव्याचा फोटो आणला होता ते!

सर तरुण आहेत, अमरावतीचे, तीन वर्षांपासून आमच्या शाळेत. मुलांत जीव आहे, कामात चोख आहेत. पण चाळीस पोरांचे फोटो, त्यात नेट कधी असतं कधी नसतं, आणि त्याच दिवशी संध्याकाळपर्यंत सगळं वर पाठवायचं. सात वेगवेगळ्या घरांतून एकाच माणसाच्या नावाची भांडी आलेली त्यांनी पाहिली. एवढ्या घरांनी ज्याची आठवण जपली तो कोणीतरी मोठा माणूस असणार, असं त्यांनी धरलं. आणि मला गावाच्या पानावर मान्यवरांत बसवून बटन दाबलं.

नात दप्तर न ठेवताच माझ्यासमोर येऊन उभी राहिली.

"आबा, तुमी मान्यवर झाले."

"बरं झालं."

"पण मेले."

मी हसलो. पोट धरून हसलो, बुढी गेल्यावर पहिल्यांदा. मग हसू आटपलं आणि मी विचारलं, "आन तुही आजी? ते कुठी हाय?"

ती टॅबवर बोट फिरवत राहिली. वरून खाली, खालून वर.

"आजी नाई याच्यात."

दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत शाळेत गेलो. सर डिजिटल वर्गात होते. खाली टाइल, भिंतींना आकाशी रंग, समोर पांढरा चमकता फळा, ज्याच्यावर बोटाने लिहिता येतं. नात दारात येऊन उभी राहिली. सरांनी मला ओळखलं आणि कपाळावर हात मारला.

"अहो बाबा! तुम्ही... म्हणजे ते तुम्ही आहात?"

"हो. अजून हाव."

"माफ करा बाबा. दुरुस्त करू. पण पान आता कुलूपबंद झालंय. शनिवारी केंद्रावरून मॅडम येणार आहेत, त्यांच्यासमोरच उघडतं. त्या दिवशी तुम्हाला नक्की काढू."

"मले काढाची घाई नाई सर. मी एवीतेवी जाणारच हाव. तिले घाला."

"कोणाला?"

मी नातीकडे बोट केलं. "हिच्या आजीले. ते गडवे तिच्या तेरवीचे हायेत."

सरांनी टॅब काढला, फोटो मोठा केला, अक्षरं पाहिली. "तसं लिहिलेलं नाहीये ना बाबा याच्यावर."

खरं बोलले. ते खरं होतं म्हणूनच मला झोंबलं.

"मी सांगून राहिलो ना. मी तिचा नवरा."

"तोंडी माहिती चालते, नाही असं नाही. पण तिला जोड लागते. काही लेखी, किंवा वस्तू. नव्या अभ्यासक्रमात सगळा भर पुराव्यावर आहे. आता पाहा ना, तुमचे सात पुरावे आहेत. त्यांचा एकही नाही."

मी खिशातून तिचं आधार कार्ड काढून टेबलावर ठेवलं. ते मी अजून खिशातच ठेवतो.

"आधार सगळ्यांकडे आहे बाबा," सर हळू आवाजात म्हणाले. "गावासाठी त्यांनी काय केलं ते दाखवणारं काहीतरी पाहिजे. नाहीतर उद्या कोणीही येईल आणि माझ्या आजीचं पान करा म्हणेल."

"येऊ द्या ना!" माझा आवाज चढला. "कोणाची आजी जास्त झाली का तुमच्या मशिनीत? राजे मावले, लढाया मावल्या, आजी मावत नाई? पुस्तक बदलवलं तुमी. इचाराची रीत तेच ठेवली. आगुदर राजा पाहे, आता मान्यवर पाह्यता!"

 दारात चार-पाच पोरं जमली. मी पाठ फिरवून निघणार होतो. तेवढ्यात माझी नजर फळ्याच्या वर गेली. आकाशी रंगातून वरच्या बाजूला एक काळपट पट्टा डोकावत होता, छतापर्यंत गेलेला.

"सर, तो डाग कायचा?"

"काय माहीत. तीनदा रंग मारला, पुन्हा वर येतो. ओल असेल."

"ओल नाई. धूर हाय."

त्यांना कसं माहीत असणार, ते नंतर आले. ती खोली खिचडीची होती. आता जिथे फळा आहे तिथे चूल होती. माझी बुढी सकाळी तिथे उकिडवी बसून फुंकणीने जाळ करायची आणि तिचे डोळे लाल व्हायचे. ती खिचडी आधी चाखत नसे. लेकरांआधी तोंड लावायचं नाही म्हणे. वासावरून मीठ ओळखायची. शिजली की ताटावर पळी वाजवायची, ती पार बसथांब्यावर ऐकू यायची. खाली लागलेली खुरचन नातीसाठी झाकून ठेवायची.

मी खुर्ची ओढली, वर चढलो, बोट ओलं करून त्या पट्ट्यावर घासलं आणि सरांसमोर धरलं. बोट काळं झालं होतं.

"अठरा वर्सं फुकलेल्या चुलीचा धूर हाय हा. तुमचा रंग याले झाकत नाई. हे साधन नाई का?"

सरांनी बोट पाहिलं, मग वरचा पट्टा पाहिला.

"साधन आहे," ते म्हणाले. "खरंच आहे. पण बाबा, धुरावर नाव नसतं."

मी खुर्चीवरून खाली उतरलो. 

तेव्हा नात दारातून बोलली. "सर, चव वहीत हाय."

"कशात?"

"चव वहीत. बाई आधी खिचडी खाऊन पाहत, आन वहीत लिहीत कशी हाय ते. त्याच्याखाली आजी सही करे. मी चौथीत होती तवा रोज पाही."

मला हे आठवायला हवं होतं. मला नाही आठवलं, तिला आठवलं. तेव्हाच्या मोठ्या बाईंनी बुढीला सांगितलं होतं, माझ्या वहीत अंगठा चालणार नाही. म्हणून मुलाच्या जुन्या पाटीवर ती आठवडाभर नाव गिरवत बसली होती. मी चेष्टा केली होती. म्हणालो होतो, "काय वो, कलेक्टर होतं का?" ती म्हणाली होती, "तुमी गाठी ओढा."

जुन्या वह्या माळ्यावर पोत्यात भरलेल्या होत्या, फुटक्या पृथ्वीगोलाशेजारी. सरांनी पोतं काढून दिलं आणि शिकवायला गेले. मी तीन दिवस शाळेच्या व्हरांड्यात बसलो. पहिल्या दिवशी हजेऱ्याच हजेऱ्या. दुसऱ्या दिवशी वाळवीने खाल्लेलं एक बोचकं, हातात घेतलं की माती. दोस्त येऊन शेजारी बसला.

"भेटलं का काई?"

"नाई."

"सोडून दे न बे. ते गेली. टॅबात टाकून काय परत येऊन राहिली?"

"तू घरी जाय."

तो गेला नाही. त्यानेही एक गठ्ठा मांडीवर घेतला आणि पानं झटकत बसला. वाचता त्याला धड येत नाही, पण पाहत होता.

तिसऱ्या दिवशी, शुक्रवारी, दुपारच्या घंटेच्या थोडं आधी निळ्या पुठ्ठ्याची वही निघाली. एक कोपरा खाल्लेला, बाकी शाबूत. तारीख, पदार्थ, चव, सही. "चव चांगली." "चव चांगली." "मीठ थोडे कमी." आणि प्रत्येक ओळीच्या शेवटी तिचं नाव. तिच्या हातचं. शेवटच्या अक्षराचा काना ती इतका लांब खाली ओढायची की आजची सही उद्याच्या ओळीत उतरायची. पानभर त्या काड्या खाली लोंबत होत्या.

एका पानावर बाईंनी लिहिलं होतं, "आज वाटाणे कच्चे." त्याखालीही सही होती, पण पेन इतकं दाबून केलेली की कागद फाटला होता. तो दिवस मला आठवला. त्या दिवशी ती माझ्याशीही बोलली नव्हती, आणि मी जिनिंगमधून आल्यावर विचारलंही नव्हतं काय झालं म्हणून.

मी शाळेत रडलो नाही. वही उचलली, वर्ग चालू असताना सरळ आत गेलो आणि सरांच्या टेबलावर आपटली.

"मोजा," म्हणालो. "माहे सात हायेत ना? हे मोजा आता."

शनिवारी केंद्रावरच्या मॅडम आल्या. वर्गात पोरं दाटीवाटीने बसली. खिडकीला गावातली चार माणसं, त्यात माझा दोस्त. एकेका पोराने आपलं साधन फळ्यावर दाखवलं. नात उठली तेव्हा मला वाटलं आता घाबरते. घाबरली नाही. तिने एका बाजूला गडव्याचा फोटो लावला आणि दुसऱ्या बाजूला वहीचं पान.

"हे दोन साधनं एकमेकाशी जुळत नाहीत," ती म्हणाली. "गडवा सांगते की माझे आजोबा मेले. माझे आजोबा तिथं बसले आहेत." पोरं वळून माझ्याकडे पाहू लागली. "म्हणजे गडवा चुकला. आम्ही सात जणांनी सात फोटो दिले, पण ते सात पुरावे नव्हते. एकाच माणसाची एकच चूक सात घरी गेली होती. कोणी विचारलंच नाही की बाबा, हा गडवा कोणाच्या तेरवीचा. वहीत जी बाई आहे तिनं या खोलीत स्वयंपाक केला. वर धूर आहे."

सगळ्यांनी वर पाहिलं. मॅडमनीही पाहिलं.

मग सर टॅब घेऊन माझ्याजवळ आले. तोंडी माहिती नोंदवायची होती, आवाजात. त्यांनी बटन दाबलं आणि विचारलं, "त्यांचं नाव सांगा बाबा."

पुन्हा तोच सवाल. ओट्यावरच्या चाचांचा.  पोरं वाट पाहून राहिली होती. टॅबवर लाल ठिपका चालू होता.

खिडकीतून दोस्त ओरडला, "घे बे उखाणा!"

वर्ग खदखदला. मॅडमही हसल्या. आणि त्या हसण्यातच मी तिचं नाव घेतलं. उखाणा जोडला नाही. नुसतं नाव. आधी तिचं, मग तिच्या बापाचं, मग माझं. एकदा घेतलं ते ऐकू आलं नसेल म्हणून आणखी मोठ्याने घेतलं. हसणं थांबलं. तोंडात एक्केचाळीस वर्षं धरून ठेवलेली वस्तू होती, ती बाहेर पडली आणि कोणाचं काही बिघडलं नाही. देव कोपला नाही. आयुष्य कमी झालं नाही. ज्याचं व्हायचं होतं त्याचं आधीच झालेलं होतं.

तिचं पान त्याच दिवशी झालं. वहीचा फोटो, धुराचा फोटो, माझा आवाज. सरांनी मग माझं पान उघडलं आणि म्हणाले, "आता हे पुसतो."

"पुसू नका," मी म्हणालो.

"अहो, चुकीचं आहे ते."

"चुकीचं हाय म्हनूनच. खाली लिहा की कोन चुकला, कसा चुकला. पुसलं तर पुढच्या पोट्ट्यायले वाटन, मशीन कधी चुकलीच नाई."

मॅडम म्हणाल्या, "निदान दिवंगत तरी काढू द्या आजोबा."

"ते काढा. मंग लागन तवा लावजा."

सोमवारी शाळेला सुट्टी होती. त्या सहा पोरांच्या घरचे सहा गडवे आणि आमचा एक, असे सात पिशवीत घातले आणि नातीला घेऊन अकोल्याला गेलो. तिने टॅबमधून आजीच्या सहीचा फोटो कागदावर छापून आणला होता. मोर्णेचा पूल या वेळी दिसला. पाणी कमी होतं.

चाचा त्याच ओट्यावर होते. गडवा हातात घेतला, वाचला, माझ्याकडे पाहिलं, पुन्हा वाचला.

"ये तो आप ही लाये थे." मग त्यांना उमगलं. "या अल्लाह. बाबा, मैंने पूछा था..."

"तुमची चूक नाई. तुमी दाखवलंबी होतं."

"घिस के निकाल दूँ? थोडा पतला होगा, लेकिन मिट जायेगा."

"मिटवू नका. खाली जागा हाय. तिथं घाला."

"नाम बोलो."

मी बोललो. असं बोललो की आतला दुकानदारही मान वर करून पाहू लागला. नातीने सहीचा कागद पुढे केला. म्हणाली, असंच पाहिजे, याच अक्षरात. चाचांनी भिंग डोळ्याला लावलं, कागद जवळ नेला, लांब नेला.

"ये डंडी इतनी लंबी? नीचे तक?"

"पार नीचे तक," मी म्हणालो. "तिची तशीच राहे."

लेखणी टेकली. दातात कळ गेली. काना गडव्याच्या पोटावरून ओघळत बुडापर्यंत गेला.

सात झाले. चव्वेचाळीस राहिले. ते धामणगावापासून इकडे अकोल्यापर्यंत घराघरांत पसरले आहेत. आमच्या घरचा चहा घ्यायला येताना ते घेऊन या असा निरोप सगळ्यांना धाडला आहे. काही म्हणतात, आता काय गरज. काही म्हणतात, आम्ही तर रोज त्याच्यातच पाणी पितो, मोकळा कसा करू. त्यांच्या घरी मी स्वतः जाणार आहे. बस आहे, पाय आहेत, आणि टॅब काही म्हणो, मी अजून आहे.

तिचं नाव इथे लिहीत नाही. इथे वाचाल आणि पान पलटवाल. ते गडव्यावर आहे. ज्याला जाणून घ्यायचं असेल त्याने आमच्या घरी यावं, उन्हातून यावं, आणि पाणी मागावं.